उजव्या नाकपुडीचं पाणी

१४ सप्टेंबर

ताई,

नमस्कार पत्रातूनच घे. वाकून करायची सोय राहिलेली नाही, वाकलं की नाकातून पाणी टपकतं.

हसू नकोस. इस्त्रीवाल्या बाईचं अख्खं आयुष्य वाकण्यात जातं. परवा शेजारच्या वकीलबाईंचा पांढरा शर्ट टेबलावर पसरला, कॉलर दाबायला खाली झाले आणि टप्पकन थेंब पडला, बरोब्बर खिशावर. दुसरा थेंब इस्त्रीवर पडून चर्र झाला. शर्ट पुन्हा धुतला, वाळवला, पुन्हा इस्त्री केली. तेव्हापासून नाकावर पंचा बांधून काम करते. गिऱ्हाइकं विचारतात, दरोडा कुठे घालायचाय?

ऑगस्ट संपता संपता सुरू झालं. आधी वाटलं साधी सर्दी आहे, आली तशी जाईल. ही मात्र मुक्कामालाच आली. ताप नाही, घसा धरत नाही, नुसतं पाणी. वाफ घेऊन झाली, हळदीचं दूध झालं, गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकून झालं. तू इतकी वर्षं कान-नाक-घशाच्या दवाखान्यात सिस्टर होतीस, आता घरच्या पेशंटकडे बघ.

बाकी बरं आहे. बाळू सुधारलाय, खरंच. दुकानाचे गठ्ठे तोच पोचवतो. माझं नाक वाहतंय म्हणून परवा वाफ घ्यायचं यंत्र घेऊन आला. एवढा सहा फुटी लेक आईसमोर उकिडवा बसून पाणी उकळलं का बघत होता. दारूला शिवलेला नाही. तू उन्हाळ्यात आलीस तेव्हाचा बाळू विसरून जा.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. दोन खोल्यांचं घर, भिंतीला कान नाहीत पण बाळूला आहेत.

तुझी,
बेबी


२२ सप्टेंबर

बेबी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पत्रच लिहीत जा. फोनवर तू ‘बरी आहे, बरी आहे’ म्हणून मोकळी होतेस. लिहायला बसलीस की खोटं बोलायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात काहीतरी खरं निसटतं.

आता ऐक. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. आधी पाणी, मग घट्ट शेंबूड, मग बरं. पाणी आठवडेच्या आठवडे थांबत नसेल तर बहुतेक ॲलर्जी असते. म्हणजे नाकाला एखादी गोष्ट सोसत नाही आणि ते उगाच कांगावा करतं. तुझ्या दुकानात तर कांगाव्याला कारणंच कारणं. कपड्यांची धूळ, साबणाचा भुगा, स्टार्च, ओल धरलेली मागची भिंत. गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते निराळेच. कधी कधी ॲलर्जीही नसते, नुसतं थंडीतून वाफेत आणि वाफेतून थंडीत जाऊन नाक बिथरतं.

तर हे कर. उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात धू. त्या भिंतीचा पोपडा काढून घे. डॉक्टरला दाखव, तो नाकात मारायचा फवारा देईल. फवारा मारताना मान मागे टाकायची नाही, किंचित खाली घ्यायची. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, म्हणजे औषध मधल्या पडद्यावर न जाता बाजूला जातं. मारून जोरात ओढू नकोस, सगळं घशात उतरतं. एका दिवसात गुण येत नाही, दोन आठवडे तरी धीर धर. आणि नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब दुकानातून आपल्या मनाने आणू नकोस. चार दिवस बरं वाटतं, मग त्याच थेंबांनी नाक आणखी चोंदतं. असे पेशंट मी ढिगाने पाहिलेत, बाटली पदराला बांधून फिरणारे.

आता नीट उत्तरं दे. शिंका येतात का? नाकाला, डोळ्यांना खाज सुटते का? पाणी दोन्ही नाकपुड्यांतून येतं की एकीतूनच? एवढ्यात डोक्याला मार वगैरे लागला नाही ना? आमचे डॉक्टर प्रत्येकाला हे विचारायचे, मलाही तीच खोड लागली.

बाळूचं वाचून बरं वाटलं. पण उन्हाळ्यात त्याने ताट भिंतीवर भिरकावलं होतं ते मी पाहिलंय, म्हणून विचारते. आपोआप सुधारला?

तुझी,
ताई


५ ऑक्टोबर

ताई,

तू घेतलीस तशी परीक्षा शाळेतही कुणी घेतली नव्हती. घे उत्तरं.

शिंका जवळजवळ नाहीतच. खाज नाही. पाणी उजवीकडूनच येतं, पण मी उजव्या कुशीवर झोपते, म्हणून असेल. मार वगैरे काही नाही.

डॉक्टरकडे जाऊन आले. पोरसवदा आहे, पण मायाळू. त्यानेही तेच तेच विचारलं, मीही तीच तीच उत्तरं दिली. ॲलर्जी म्हणाला. एक गोळी, तिने दिवसभर जांभया येतात, आणि एक फवारा. तू सांगितलंस तसाच मारते, डाव्या हाताने. गुण म्हणशील तर शून्य. उलट सकाळी उठून बसलं की आधी एक धारच लागते, मग दिवसभर थेंब थेंब. घशात उतरतं ते खारट लागतं. डोकं दुखतं, आडवी झाले की जरा उतरतं.

एक गंमत सांगते, तू आमच्या धंद्यातली नाहीस म्हणून तुला ठाऊक नसेल. सर्दीचा रुमाल वाळला की खळ दिल्यासारखा कडक होतो. गिऱ्हाइकांचे रुमाल नुसते हातात घेतले की मला कळतं, कुणाच्या घरी सर्दी आहे. माझे रुमाल मात्र वाळले की मलमलीसारखे मऊ. जणू साध्या पाण्यात बुचकळून काढलेत. माझ्या सर्दीत खळच नाही बघ.

बाळू आपोआप सुधारला का विचारतेस. माणूस सुधारला की लगेच पावती मागायची का, ताई? शाळेच्या गाडीवर ड्रायव्हरची जागा आहे. पहिल्या तारखेपासून बोलावलंय. रोज सकाळी दाढी करतो. कालच माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि म्हणाला, “तू बस, मी करतो.” दोन चादरी जाळल्या, पण केल्या.

तुझी,
बेबी


१३ ऑक्टोबर

बेबी,

हे पत्र उभ्याने लिहितेय, आत्ताच पेटीत टाकणार आहे. काल फोन केला तर तू ‘बरी आहे’ म्हणालीस आणि मागे बाळूचा आवाज होता, म्हणून बोलता आलं नाही.

मला वाटतं हे नाकाचं पाणीच नव्हे.

मेंदू आपल्या डोक्यात पाण्यात ठेवलेला असतो. त्याच्या आणि नाकाच्या मधे जे हाड आहे ते कागदासारखं पातळ. डोकं आपटलं की त्याला चीर पडते, आणि ते पाणी नाकातून गळायला लागतं. एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर जास्त, चवीला खारट. आणि रुमाल कडक होत नाही. तू गंमत म्हणून लिहिलंस, पण मुख्य खूण तीच. कधी मार लागल्यावर लगेच गळतं, कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी. गोळ्या-फवाऱ्यांनी हे थांबणार नाही.

भीती पाण्याची नाही. ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत शिरतात, थेट मेंदूच्या आवरणापर्यंत. मग वेळ मिळत नाही.

मोठ्या इस्पितळात जा. त्या पाण्याची तपासणी करतात, डोक्याचा स्कॅन काढतात. चीर लहान असेल तर नुसत्या विश्रांतीनेही भरते, नाहीतर नाकातूनच दुर्बिणीने बुजवतात, कवटी उघडावी लागत नाही. तोवर नाक शिंकरू नकोस, वाकू नकोस, जड उचलू नकोस, उशाला दोन-तीन उशा घे. दुकान बंद ठेव.

आता मला खरं सांग. मार काही लागला नाही असं तू चार शब्दांत उरकलंस. तू कुठलीच गोष्ट चार शब्दांत सांगत नाहीस. पडलीस का? की कुणी पाडलं?

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं, मागच्या कपड्यांच्या ढिगावर बसून.

त्याने मला मारलेलं नाही. हे नीट वाच. ढकललं.

ऑगस्टमधला रविवार होता, दुपारची वेळ. दुकान बंद होतं. पिऊन आला आणि स्कूटरची किल्ली मागायला लागला. तशा अवस्थेत गाडीवर बसला असता तर कुणाला तरी उडवलं असतं, नाहीतर स्वतः गेला असता. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. “दे म्हणतो ना!” म्हणाला. मी म्हटलं, “नाही देत, जा.” मग ढकललं. इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा उजव्या भुवईच्या वर लागला. किती वेळ पडले होते कोण जाणे. उठले तेव्हा तो बाजेवर झोपलेला आणि किल्ली माझ्या मुठीतच.

दुसऱ्या दिवशी माझा डोळा काळानिळा. त्याने विचारलं, “आई, हे काय गं?”

“घसरले. फरशी ओली होती.”

तो फरशीकडे बघत राहिला. फरशी कोरडी होती, ताई. मग उठला, कपाटामागची बाटली काढली आणि मोरीत ओतली. त्याला आठवतंय की नाही, मला माहीत नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि त्यावर आमचं घर उभं आहे. गिऱ्हाइकांना मी कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं.

इस्पितळात गेले की पहिलं विचारतील, कसं लागलं? मला एवढ्या डॉक्टरांसमोर तोंड सांभाळता येणार नाही. लिहून घेतील, पोलिसांना कळवतील. शाळेच्या गाडीवर अशा माणसाला कोण ठेवील? आणि नोकरी गेली की तो पुन्हा कुठे जाईल, ते तुला मी सांगायला नको.

पहिल्या तारखेला रुजू होऊ दे. त्याचे पाय टेकले की मी जाते, तुझी शपथ. इतके दिवस काढले, आणखी आठवडाभराने काय होणार आहे? उशा तीन घेते. शिंकरत नाही. दुकान मात्र बंद ठेवता येत नाही. ठेवलं तर तो कारण विचारेल.

त्याला काही लिहू नकोस. तूही येऊ नकोस, तुला दारात बघूनच त्याला कळेल.

तुझी,
बेबी


१ नोव्हेंबर

बाळू,

तुझ्या आईने मला तुला लिहायला मना केलंय. मी तिचं ऐकत नाही. दोन दिवस फोन लावतेय, कुणी उचलत नाही. म्हणून हे पत्र टाकतेय, आणि गाडीचं तिकीट मिळेल तशी स्वतःही निघतेय.

तिचं नाक वाहतंय ती सर्दी नाही. डोक्याला लागलेल्या मारामुळे मेंदूभोवतीचं पाणी गळतंय. पत्र हातात पडताच कामावर न जाता तिला मोठ्या इस्पितळात ने. ताप आला, मान आखडली, उजेड सोसेना, असं काही झालं तर एक मिनिट थांबू नकोस.

डॉक्टरला काय सांगायचं ते तू ठरव. घसरली म्हण. पडली म्हण. पण डोक्याला मार लागला होता आणि तेव्हापासून एकाच बाजूने पाणी येतंय, एवढं सांगच. बाकीचं तुझं तुझ्यापाशी.

मी तुझ्यावर रागवायला हे लिहीत नाहीये. रागवायला पुढे पुष्कळ वेळ आहे. आईला न्यायला नाही.

मावशी


७ नोव्हेंबर

मावशी,

आईला इस्पितळात ठेवलंय. तू निघाली असलीस तर हे पत्र तुझ्या शेजारणीने उघडावं आणि फोनवर तुला वाचून दाखवावं, म्हणून पाकिटावर तसं लिहिलंय. तुझा फोन लागत नाही, तू वाटेत आहेस की घरी आहेस, कळत नाही.

परवा सकाळी मी शाळेची गाडी आणायला निघालो तर ती उठली नव्हती. हाक मारली तर म्हणाली, “दिवा बंद कर.” दिवा बंदच होता. नुसता खिडकीचा उजेड होता. अंगाला हात लावला तर भाजत होतं. मान उचलायला गेलो तर लाकडासारखी ताठ. उचलून रिक्षात घातली. रिक्षात तिने मला ओळखलं नाही, इस्त्रीवाला कोण आहे विचारत होती.

मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण झालीय म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “डोक्याला कधी मार लागला होता का?”

मी म्हटलं, “घसरली होती.”

“कधी?”

“ऑगस्टमध्ये.”

त्या आत गेल्या. मी बाहेर बाकावर बसलो. मग उठून दार ढकललं. त्या म्हणाल्या, “आत यायचं नाही.” मी म्हटलं, “घसरली नव्हती. मी ढकललं होतं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, “बरं. आता बाहेर थांबा, आधी त्यांना बघू दे.” एवढंच. मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल.

मला सगळं आठवतं, मावशी. पहिल्या दिवसापासून आठवतं. मला वाटायचं, मी चांगला वागत राहिलो तर ते मिटून जाईल. आईचं नाक वाहायचं आणि मी पाणी उकळून वाफ द्यायचो. मला खरंच वाटायचं, मी तिची सेवा करतोय.

तुझं पत्र काल घरी कपडे आणायला गेलो तेव्हा दारात पडलेलं मिळालं.

आज तिने डोळे उघडले. मी बोललो तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणतात, जीव वाचेल. पण या आजारात कधी कधी कान जातात, ऐकू येईल की नाही ते त्यांना सांगता येत नाही. लवकर ये.

बाळू


१९ जानेवारी

बेबी,

सुखरूप पोचले. दोन महिने तुझ्या घरी राहून आता माझंच घर मला परकं वाटतंय. कपाट उघडलं तर कपड्यांना इस्त्रीचा वास नाही.

नाक कसं आहे ते कळव. शस्त्रक्रियेनंतर इतके दिवस थेंब आला नाही म्हणजे ठिगळ बसलंय असं धरायला हरकत नाही, तरी वाकायचं नाही आणि तपासणी चुकवायची नाही. डावा कान काही पकडतो का? कानाच्या डॉक्टरांनी यंत्राचं बोलणं केलं होतं, तो नाद सोडू नकोस.

एक विचारायचं राहिलं. तिथे असताना पाटीवर लिहून विचारणार होते, पण असले प्रश्न पाटीवर खडूने लिहायचे नसतात. बाळू तुझ्याशी बोलला का? मला त्याने नोव्हेंबरमध्ये लिहिलं होतं. तुला काही म्हणाला?

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ताई,

नाक कोरडं आहे. इतकं कोरडं की मधूनच हात लावून बघते. डॉक्टर म्हणाले, म्हणजे त्यांनी लिहून दाखवलं, की चीर पूर्ण बुजली.

कानांचं काही नाही. डाव्यात मोठा ट्रक गेला की काहीतरी थरथरतं, तो आवाज आहे की जमीन हलते, मला सांगता येत नाही. यंत्राचं बघू. दुकान उघडलंय. इस्त्री बाळूच करतो, मी बसून घड्या घालते. गिऱ्हाइकं बोलतात, मी मान डोलावते. परवा कुणीतरी काहीतरी विचारलं, मी मान डोलावली, आणि संध्याकाळी ते उद्याचे कपडे आजच न्यायला आले. आता बाळू पुढे होऊन बोलतो. शाळेच्या गाडीची नोकरी त्याने स्वतःच सोडली. माझ्यापासून लांब जायचं नाही म्हणतो. तसं म्हणत असावा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तुला त्याने काय लिहिलं ते मला कळवू नकोस.

तू यायच्या आधीची गोष्ट आहे. मला शुद्ध आल्यावर दुसरा की तिसरा दिवस असेल. खोलीत आम्ही दोघंच होतो. तो खाटेजवळ स्टूल ओढून बसला आणि बोलायला लागला. मला तेव्हा कळलंच नव्हतं की ऐकू येणं गेलंय, मला वाटलं तो हळू बोलतोय. “मोठ्याने बोल रे” म्हणाले. माझा आवाजही मला आला नाही. तो बोलतच होता. रडत होता. हाताने काहीतरी ढकलल्यासारखं केलं, मग तोच हात स्वतःच्या कपाळावर मारला. खूप वेळ बोलला, ताई. एवढा तर तो लहानपणीसुद्धा माझ्याशी कधी बोलला नव्हता. शेवटी थांबला आणि काहीतरी विचारलं. विचारलंच, कारण मग तो वाट बघत बसला.

मी मान डोलावली. त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

त्यानंतर मी त्याला चार वेळा पाटी दिली, त्या दिवशी काय म्हणालास ते लिही म्हणून. पाटी मांडीवर घेतो, खडू धरतो, बसून राहतो. मग लिहितो, ‘चहा करू?’

त्याने काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे, तू म्हणशीलच. माहीत आहे. पण त्याने विचारलं काय? माफ करशील का, असं विचारलं? की पोलिसांना सांगू का? की निघून जाऊ का? की नुसतं, दुखतंय का? तो तेव्हापासून असा वागतो की मी कशाला तरी हो म्हटलंय, आणि मी रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न करते, की कशाला.

तुझी,
बेबी